पाच ग्रॅम मीठ

मुलुंडपासून भांडुपपर्यंत जेवढे म्हणून तराजू आहेत, ते सगळे माझ्या नवऱ्याच्या मामांना बघून थरथरतात असं मी म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती आहे हे मान्य. पण फार नाही. मामा पस्तीस वर्षं वजनमापे निरीक्षक होते. दुकानात शिरायचं, काटा तपासायचा, वजनांवर शिक्का आहे का बघायचं आणि नसेल तर केस करायची, हे त्यांचं काम. त्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. पण ही बातमी त्यांच्यापर्यंत कोणी नीट पोचवली नसावी. अजूनही ते स्टेशनजवळच्या भाजी गल्लीत शिरले की "साहेब आले, साहेब आले" असं पहिल्या टोपलीपासून शेवटच्या टोपलीपर्यंत सरकत जातं. मामा हात पाठीमागे बांधून काट्यासमोर वाकतात आणि म्हणतात, "आधी शून्य दाखव. शून्य खरं असलं की पुढचं सगळं खरं." पाव किलो भेंडीसाठी हा सोहळा. बाकीची गिऱ्हाइकं वैतागतात, पण मामा निघून गेल्यावर त्याच गाडीवर भाजी घेतात. मीही घेते.

पेट्रोल पंपावर आमच्या पुढे-मागे कितीही गाड्या असोत, मामा बरोबर असले की पाच लिटरचं माप मागवून आधी खात्री करून घेतली जाते. वाढदिवसाचा केक कापण्याआधी त्याखालचा पुठ्ठा वेगळा मोजला जातो. माझी मुलगी जन्मली तेव्हा प्रसूतिगृहातल्या सिस्टर हसत बाहेर येऊन म्हणाल्या, "अभिनंदन, मुलगी! तीन किलो शंभर!" सगळे पेढ्यांच्या गोष्टी करायला लागले आणि मामांनी विचारलं, "सिस्टर, या काट्याची शेवटची तपासणी कधी झालीय?" सिस्टरना काही कळेना. दुसऱ्या दिवशी मामा घरून मखमलीच्या पेटीतलं आपलं एक किलोचं पितळी वजन घेऊन आले, आणि काटा चाळीस ग्रॅम जास्त दाखवतो हे सिद्ध करूनच शांत झाले. माझी लेक आता सतराची आहे. जन्माच्या वेळी वजन किती होतं असं कोणी विचारलं की ती म्हणते, "हॉस्पिटलचं सांगू की मामाआजोबांचं?"

असे हे मामा चार वर्षांपूर्वी मामी गेल्यावर आमच्याकडे मुलुंडला राहायला आले. मूलबाळ नाही, भाच्यावर जीव. येताना दोन बॅगा, ती मखमलीची पेटी आणि ब्लडप्रेशर असं सामान होतं. प्रेशर त्याच्याही सहा वर्षं आधीपासूनचं. तेव्हा कुठल्याशा डॉक्टरांनी सांगितलं होतं, दिवसाला पाच ग्रॅमच्या वर मीठ नको, म्हणजे साधारण एक सपाट चमचा. "चमचा हे माप नाही," असं मामांनी त्यांना तिथल्या तिथे ऐकवलं आणि सोनाराकडे असतो तसला लहानसा इलेक्ट्रिक काटा विकत आणला.

तेव्हापासून रोज सकाळी अंघोळ झाली की देवापुढे दिवा लावायच्या आधी मामा मीठ मोजतात. पाच ग्रॅम बरोबर. ते कुंकवाच्या करंड्याएवढ्या स्टीलच्या डबीत जातं आणि ती डबी दिवसभर त्यांच्या खिशात. त्यांची भाजी, आमटी मी मीठ घालायच्या आधी वेगळी काढते. पानात बसल्यावर ते चिमटीनं हवं तेवढं घेतात. पावाची एक स्लाइस खाल्ली तर पाकिटावरचं बारीक अक्षर भिंगातून वाचतात. "हे लोक मीठ लिहीत नाहीत, सोडियम लिहितात. अडीचनं गुणायचं, मग मीठ कळतं," असं मला समजावून तेवढं मीठ डबीतून काढून बेसिनमध्ये टाकतात. पापड, लोणचं, फरसाण यांच्याकडे तर, परस्त्रीकडे बघू नये तसं, ते बघतच नाहीत. आणि एवढं करून प्रेशर कायम एकशेऐंशी-शंभर.

आमच्या गल्लीतले डॉक्टर चांगले आहेत. आधीची एक गोळी चालू होती, त्यांनी दुसरी दिली, मग तिसरी, मग चौथी. प्रेशर दोन पावलं खाली उतरायचं आणि पुन्हा वर जाऊन बसायचं. मग डॉक्टर पेन बाजूला ठेवून विचारायचे, "मामा, खरं सांगा, बाहेर काय खाता?"

"काही नाही. पाच ग्रॅम. एक गुंजही जास्त नाही."

डॉक्टर हसायचे. ते हसणं वाईट नव्हतं, लहान मूल 'मी चॉकलेट नाही खाल्लं' म्हणालं की आपण हसतो तसलं होतं. पण मामा त्यानंतर घरी येईपर्यंत एक शब्द बोलायचे नाहीत. नातेवाइकांचंही तेच. विलेपार्ल्याच्या नणंदबाई फोनवर मला सांगायच्या, "बाहेर खात असणार गं. पुरुषांची जात. आमच्याकडे हे समोसा खाऊन तोंड धुऊन यायचे." मी म्हणायचे, छे, मामा तसे नाहीत. म्हणायचे, पण मनात किडा वळवळायला लागला होता. कारण मामा रोज दुपारी चार वाजता इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचे आणि सहाला परत यायचे. कुठे जाता विचारलं तर, "जरा बसून येतो."

एकदा मशीन लावताना त्यांच्या पँटच्या खिशात मला खाऱ्या शेंगदाण्याचं रिकामं पाकीट सापडलं. अगदी नीट, चौकोनी घडी घातलेलं. मी ते घेऊन हॉलमध्ये गेले.

"मामा, हे काय?"

"ते होय," मामांनी पेपरातून मान वर केली. "वजन करून बघायला घेतलं होतं. वर पन्नास ग्रॅम लिहिलंय, भरले सत्तेचाळीस. तक्रार करणार आहे, म्हणून पाकीट ठेवलं."

"आणि शेंगदाणे?"

"वॉचमनला दिले."

"हो का," मी म्हटलं.

दोनच अक्षरं. पण त्यातला सूर मामांनी बरोबर टिपला. त्यांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला आणि कितीतरी वेळ पान उलटलं नाही. मी तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी डॉक्टरांना फोन केला. काळजीपोटी केला, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं तर एवढं राबून वेगळा स्वयंपाक करायचा आणि हे बाहेर शेंगदाणे खाणार, याचा रागच जास्त होता. पुढच्या वेळी मामा तपासायला गेले तेव्हा डॉक्टर भरल्या दवाखान्यात म्हणाले, "मामा, या वयात खोटं बोलू नका. घरची माणसं हैराण होतात."

माझा नवरा त्यांच्याबरोबर होता. त्यानं सांगितलं की मामा फक्त उभे राहिले आणि त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. घरी आल्यावर ते सरळ स्वयंपाकघरात आले. खिशातली डबी काढून त्यांनी ओट्यावर ठेवली आणि तिच्याशेजारी तो छोटा काटा.

"उद्यापासून तू मोज."

"मामा, अहो, असं काय करता?"

"नाही, बरोबर आहे. ज्याच्यावर संशय असतो त्याच्या हातात काटा द्यायचा नसतो."

दोन महिने मी मोजलं. रोज सकाळी ऑफिसला निघायच्या घाईत पाच ग्रॅम. मामा समोर यायचे नाहीत. प्रेशर तिळभर हललं नाही. मग मी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं: अर्धा दिवस रजा टाकली आणि चार वाजता मामांच्या मागोमाग निघाले. ते पुढे, मी पंचवीस पावलं मागे, डोक्यावरून ओढणी घेऊन. मार्केट ओलांडलं, वडापावची गाडी ओलांडली, मामांनी तिकडे मान वळवली ती फक्त वडे तोलून देतो की नगावर हे बघायला. शेवटी ते एका पिठाच्या गिरणीत शिरले. गिरणीचे मालक मालवणकडचे, मामांच्याच वयाचे. कधीकाळी याच माणसावर मामांनी खोट्या वजनाची केस केली होती, हे मला ऐकून माहीत होतं; त्याच माणसाशी त्यांची आज एवढी दोस्ती आहे, हे मात्र माहीत नव्हतं. मी समोरच्या स्टेशनरीच्या दुकानात वह्यांची कव्हरं चाळत पाऊण तास उभी राहिले. दोघं लाकडी बाकावर बसले होते, पीठ अंगावर उडत होतं. मालकांनी कागदात बांधलेली कांदाभजी सोडली आणि मामांपुढे केली. मामांनी मान हलवली. मालकांनी आग्रह केला नाही, म्हणजे ही रोजची गोष्ट होती. मामा तांब्यातलं पाणी प्यायले. बस्स.

मी रिक्षा करून त्यांच्या आधी घरी पोचले. नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?"

"काही खात नाहीत रे ते. पाणी पितात."

"मग प्रेशर कशानं?"

"मला काय माहीत!" मी त्याच्यावरच ओरडले. माफी मागायला हवी होती हे कळत होतं, पण पाठलाग केला हे आधी सांगावं लागलं असतं. तेवढी हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी मी डबी आणि काटा गुपचूप मामांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी तो ठेवून घेतला.

याच सुमारास मामांच्या पायात गोळे यायला लागले. लघवीला सारखं उठावं लागायचं, जिना चढताना मध्येच थांबायचे. वय झालं, असं आम्ही म्हणायचो, तेही म्हणायचे. मग एका दुपारी मला ऑफिसात गिरणीवाल्यांचा फोन आला. "वहिनी, साहेबांका बाकावरसून उठूक जमणा नाय. पायांत जोरच नाय. तुमी येवा बगू."

मी आणि नवरा धावलो. मामा बाकावर ताठ बसले होते, चेहऱ्यावर कणकेची पांढरी धूळ, आणि दोन्ही हातांनी स्वतःची मांडी उचलायचा प्रयत्न करत होते. आम्हाला बघून ओशाळं हसले. "माझेच पाय माझं ऐकेनात गं." मामांना असं हरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. गिरणीवाल्यांनी आणि नवऱ्यानं त्यांना खांदा देऊन रिक्षात बसवलं.

हॉस्पिटलात रक्त तपासलं तेव्हा पोटॅशियम फारच कमी निघालं. तिथले डॉक्टर म्हणाले, प्रेशरच्या एका गोळीनं असं होऊ शकतं. ती गोळी बंद केली, पोटॅशियम दिलं, पाय पुन्हा चालू झाले. पण तीन आठवड्यांनी पाहिलं तर पुन्हा कमीच. तेव्हा त्यांनी घाटकोपरच्या एका हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

"हार्मोन्स?" मामा रिक्षात म्हणाले. "ते वयात येणाऱ्या पोरांना असतात ना? माझं आता काय वयात यायचं राहिलंय?"

त्या डॉक्टर म्हणजे लांब वेणी घातलेली, आमच्या भाचीएवढी मुलगी. तिनं सगळे कागद वाचले आणि तोच प्रश्न विचारला, ज्याची मला भीती वाटत होती.

"मीठ किती खाता?"

"पाच ग्रॅम," मामा म्हणाले आणि ती हसायची वाट बघत थांबले. ती हसली नाही. "बरं," म्हणाली आणि लिहून घेतलं. "आपण मोजू. शरीरात गेलेलं बहुतेक मीठ लघवीतून बाहेर पडतं. चोवीस तासांची सगळी लघवी एका कॅनमध्ये जमा करा, म्हणजे किती खाता ते समजेल."

मामांचे डोळे चमकले. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या भाषेत बोलणारा डॉक्टर भेटला होता. घरी येऊन त्यांनी आधी त्या कॅनमध्ये आपल्या मापानं पाणी ओतून पाहिलं, दोन लिटरची खूण वीस मिलीनं चुकलेली आहे असं जाहीर केलं आणि तशी चिठ्ठी कॅनवर डकवली. लॅबवाल्यांनी त्या चिठ्ठीचं काय केलं माहीत नाही. बरोबरीनं रक्ताच्याही तपासण्या झाल्या.

रिपोर्ट आले त्या दिवशी आम्ही तिघं तिच्यासमोर बसलो होतो. तिनं कागदावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "तुम्ही पाच ग्रॅमच खाता. खरं तर थोडं कमीच."

मामांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, लावला, पुन्हा काढून पुसला. मी आणि नवरा फरशी बघत होतो.

मग तिनं कागदावर एक मूत्रपिंड काढलं आणि त्याच्या डोक्यावर टोपीसारखा एक त्रिकोण. ही अधिवृक्क ग्रंथी, ती म्हणाली. अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन ही बनवते. ते मूत्रपिंडाला सांगतं की मीठ धरून ठेव आणि पोटॅशियम सोडून दे. शरीरात मीठ पुरेसं झालं की ही ग्रंथी गप्प बसते. "तुमची गप्प बसत नाही. गरज असो नसो, ती हुकूम सोडतच राहते. मीठ धरलं की त्याच्याबरोबर पाणी थांबतं, आणि प्रेशर वाढतं."

"थांबा," मामा म्हणाले. "मी पाच खातो आणि पाच बाहेर पडतं असं आत्ताच म्हणालात. मग साठलं कुठून?"

ती एकदम खुलली. "अगदी बरोबर प्रश्न. सुरुवातीला साठलं. मग टाकी भरली. आता जेवढं येतं तेवढं जातं, पण टाकी कायम काठोकाठ भरलेलीच राहते."

मामांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे काटा शून्यावरच येत नाही. त्याच्यावर तुम्ही कमी टाका नाहीतर जास्त टाका, वजन चुकणारच."

"तसंच म्हणा."

पण एका तपासणीवर निकाल देऊ नये हे ती जाणत होती, आणि यामुळे मामांचा तिच्यावर आणखीच लोभ जडला. खात्री करायला त्यांना एक दिवस बोलावून चार तासांत दोन लिटर सलाइन चढवलं. नीट चालणारी ग्रंथी एवढं मीठ आलेलं बघून हुकूम सोडायचं थांबवते. हिनं नाही थांबवलं. मामांना मात्र चिंता वेगळीच. पलंगावर पडल्या पडल्या त्यांनी बाटलीवरचं वाचून हिशेब केला आणि मला हळूच म्हणाले, "अठरा ग्रॅम! साडेतीन दिवसांचं मीठ एका सकाळीत! गल्लीतल्या डॉक्टरांना सांगू नकोस हं."

स्कॅनमध्ये डाव्या ग्रंथीवर वाटाण्यापेक्षा जरा मोठी गाठ दिसली. ती साधी होती, कॅन्सरची नव्हती. दोन्ही बाजूंच्या शिरांतलं रक्त तपासून दोष डावीचाच आहे हे नक्की केलं आणि पोटाला छोटी छिद्रं पाडून ती ग्रंथी काढून टाकली. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी मामांजवळ बसले होते. उद्याचं काय होईल कोण जाणे, आत्ता नाही तर कधीच नाही, असं मला वाटलं.

"मामा, मी एकदा तुमच्या मागून गिरणीपर्यंत आले होते."

"माहीत आहे. वह्यांची कव्हरं बघत होतीस."

मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. "मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तू तपासणी करत होतीस. पस्तीस वर्षं माझ्यावर लोक त्यापायीच रागवायचे. मी कसा रागावणार? त्या 'हो का'चं वाईट वाटलं होतं. पण मग तू स्वतः बघायला आलीस. लोक तेवढंही करत नाहीत."

मी त्यांच्या पांघरुणाची कडा सरळ करत राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं. ते बघून मामांनी समोरच्या पेशंटच्या नातेवाइकांकडे उगाचच चौकशी सुरू केली.

आता प्रेशर एकशेतीसच्या आसपास असतं आणि चार गोळ्यांची एक झाली आहे. गल्लीतले डॉक्टर स्वतः घरी येऊन गेले. "मामा, माझं चुकलं," असं त्यांनी उभ्या उभ्याच म्हटलं. "चुकतो माणूस," म्हणत मामांनी त्यांना बसवलं, चहा पाजला, आणि त्यांच्या दवाखान्यातला वजनकाटा दीड किलो कमी दाखवतो हेही सांगून टाकलं. भाजी गल्लीवरची दहशत पूर्ववत आहे.

ऑपरेशननंतर त्या वेणीवाल्या डॉक्टरनं सांगितलं होतं की उरलेली ग्रंथी इतकी वर्षं झोपलेली आहे, ती जागी होईपर्यंत काही आठवडे मीठ जरा सढळ खा. त्यामुळे घरी आल्यावर पहिल्या रविवारी मी मामांची आमटी वेगळी काढली नाही. दहा वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांच्या पातेल्यातली आमटी त्यांच्या वाटीत पडली. त्यांनी भातावर घेतली, कालवली, एक घास खाल्ला आणि हात तसाच ताटात ठेवून बसून राहिले.

"जास्त झालंय का मीठ?" मी घाबरून विचारलं.

"नाही. छान झालीय." मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता, "तुमची मामी सहा वर्षं माझ्याबरोबर अळणीच जेवली."

आम्हाला हे माहीत नव्हतं. मामी कमी बोलायच्या, कुणाला सांगितलंच नसेल.

"मी म्हणायचो, अगं, तुला कुठे प्रेशर आहे, तू नीट जेव. तर म्हणायची, तुमच्यासमोर मला एकटीला गिळत नाही." मामा भातातून बोट फिरवत होते. "सगळ्यांनी विचारलं, बाहेर काय खाता. तिनं एकदासुद्धा नाही विचारलं. आणि बघ ना, दोष माझ्या जेवणात नव्हताच. ती बिचारी उगाच अळणी जेवली."

नवऱ्यानं त्यांच्या पानात भात वाढला आणि म्हणाला, "मामीची आमटी कशी असायची हो मामा? मी लहानपणी खाल्लीय, पण आठवत नाही."

"तिची?" मामांनी मान वर केली. "तिची तुरीचीच, पण ती नारळाचा रस घालायची. दोन आमसुलं. आणि फोडणी शेवटी, वरून. ती घातली की लगेच झाकण ठेवायचं, ते पान वाढेपर्यंत काढू द्यायची नाही." ते सांगत राहिले. दोडक्याच्या सालांची चटणी, कुळथाचं पिठलं, होळीला पहिली पुरणपोळी फाटली की ती कशी हसायची. आमचे हात ताटात सुकले, आमटी गार झाली, लेक कॉलेजची वही घेऊन येऊन तिथेच टेकली. कोणीच उठलं नाही.